सेंटर फॉरवर्ड चेअरमन

"हा फळा आधी काढा," नलवडेसर म्हणाले.

तालमीत कुणी हललं नाही. सतरंजीवर बसलेली अठरा पोरं एकदम आपापल्या पायांची नखं बघायला लागली.

"फळ्यानं काय घोडं मारलंय?" आमच्या कोचनी, दिनकरतात्यांनी, विचारलं.

"तात्या, जग कुठं चाललंय बघा. त्या जागी स्क्रीन लागणार आहे. पंचावन्न इंची."

फळा मारुतीच्या शेजारी टांगलेला होता, म्हणजे जवळजवळ देवच. मॅचच्या दिवशी सकाळी तात्या आंघोळ करून यायचे, नारळ फोडायचे आणि खडूनं अकरा नावं लिहायचे. तोवर कोण खेळणार हे त्यांच्या घरी काकूंनाही ठाऊक नसायचं. नाव आलं नाही म्हणून रडलेली पोरं मी पाहिली होती. फळ्याशी भांडलेलं कुणी नाही.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडं फुटबॉलचा क्लब म्हणजे तालीम. आजोबा-पणजोबांनी कुस्तीसाठी बांधलेली. आता लाल मातीच्या हौद्यावर निम्मे दिवस मांजर झोपतं आणि त्याच दारातून फुटबॉलची टीम निघते. आमची चिंचेखालची तालीम. निदान तेव्हापर्यंत तरी होती. नलवडेसरांनी अध्यक्ष झाल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचं नाव 'टॅमरिंड युनायटेड' करून टाकलं.

अभिनंदन नलवडे मूळचे आमच्याच गल्लीतले. दहावीनंतर पुणं, मग अमेरिका, मग परत पुणं. तिथं त्यांनी एक सॉफ्टवेअर काढलं. नोकर माणूस खुर्चीवरून किती वेळा उठला, चहाला किती मिनिटं गेला, बाथरूममध्ये किती बसला, हे त्याच्या साहेबाला घरबसल्या दिसायचं. असलं काही विकत घेणारे लोक जगात आहेत, आणि भरपूर आहेत. ती कंपनी विकून झाल्यावर सरांना करायला काही उरलं नाही, म्हणून ते आमच्यावर आले. नव्या जर्सी दिल्या, नवे बूट दिले, टीमला जायला एसी बस दिली. स्टेडियम तालमीपासून चालत बारा मिनिटांवर आहे. बसनं पंचवीस लागायची.

"आजपासून टीम लोक निवडणार," त्या दिवशी सरांनी जाहीर केलं. "आपलं ॲप डाउनलोड करायचं. प्रत्येक जागेसाठी नावं असतील. एक फोन, एक मत, मतदान संपेपर्यंत बदलता येईल. ज्याला जास्त मतं, तो मैदानात. लोकशाही!"

"आणि मी काय करायचं? गोट्या खेळायच्या?" तात्या म्हणाले.

"मॅच सुरू झाल्यावर कुणाला आत, कुणाला बाहेर, ते तुम्ही ठरवा की. मी काय हुकूमशहा आहे का?"

हे सगळं मी उंबऱ्याबाहेरून ऐकत होते. तालमीत बायकांनी पाऊल टाकायचं नाही, हा नियम कुणी केला ते कुणालाच माहीत नाही आणि मोडायची हिंमत माझ्या आईचीसुद्धा नाही. मी नववीत होते. माझा भाऊ हर्षददादा टीमचा सेंटर फॉरवर्ड. रोज त्याचा डबा द्यायच्या निमित्तानं जायचे आणि तासभर चौकटीला टेकून उभी राहायचे. कुणाचा उजवा पाय बरा, कुणाचा डावा, कोण पेनल्टीला कुठं मारतो, सगळं मला पाठ.

"ती मुलगी कोण? रोज दिसते." सरांनी बोट केलं.

"हर्षदची बहीण. अवंती."

"बाहेर का उभी? आत ये."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. तात्या मारुतीकडं बघायला लागले.

"येतो की सर," मी म्हणाले, आणि उंबरा ओलांडला.

"येते म्हणायचं," सर म्हणाले. अमेरिकेहून येऊन हा माणूस कोल्हापूरच्या पोरीला मराठी शिकवत होता. तरी त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगू? त्यांनी मला फॅन ॲम्बॅसेडर केलं. गळ्यात निळ्या फितीचा बिल्ला, हातात त्यांचा एक जादा फोन, काम व्हिडिओ काढायचं. पुढचा आठवडाभर मी तो बिल्ला घालून भाजी आणायलासुद्धा गेले.

आता खरी गोष्ट. दादा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंग घासायचा. घरी यायचा तेव्हा नाकात काळी पूड, पापण्यांवर काळी पूड. मुंबईच्या एका बँकेच्या फुटबॉल टीममध्ये खेळाडूंची भरती निघाली होती. कायमची नोकरी. वयाची अट चोवीसच्या आत, म्हणजे दादाची ही शेवटची वेळ. बँकेचे निवड करणारे साहेब कोल्हापूरची एकच मॅच बघायला येणार होते: रविवारची, आमची आणि कमानीच्या तालमीची.

कमानवाले म्हणजे काय हे समजावणं अवघड आहे. त्यांच्या चौकात आमची माणसं दाढीसुद्धा करून घेत नाहीत.

आधीच्या एका साध्या मॅचला ॲप नीट चाललं. दोन हजार मतं पडली, टीम तात्यांनी निवडली असती तशीच निघाली, दादानं दोन गोल मारले. सर म्हणाले, "बघितलंत? क्राउड इज ऑलवेज राइट." तात्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की डास बसला म्हणून, ते कळलं नाही.

कमानीच्या मॅचचं मतदान सोमवारी सुरू झालं. बुधवारी स्क्रीनवर चौदा हजार मतं. सर तालमीत अक्षरशः नाचत आले. पुण्याहून त्यांचे दोन इन्व्हेस्टर व्हिडिओ कॉलवर होते, त्यांना त्यांनी फोन फिरवून स्क्रीन दाखवली.

सेंटर फॉरवर्डच्या जागेला तीन नावं होती. हर्षद सरनाईक: अकराशे. पिंट्या बराले: बारा हजारांच्या वर. पिंट्यानं दोन वर्षांत एक गोल मारला होता, तोही आमच्यावरच. तिसरं नाव अभिनंदन नलवडे: एकोणीस मतं. हो, सरांचंच. सीझनच्या सुरुवातीला असोसिएशनकडं यादी द्यायची असते, त्यात विसावा खेळाडू म्हणून त्यांनी स्वतःला घुसडलं होतं, जर्सी घालून बेंचवर बसता यावं, फोटो निघावा म्हणून. जागा लिहायच्या रकान्यात त्यांनी सेंटर फॉरवर्ड लिहिलं. गोलकीपर लिहिलं असतं तर अंगाला माती लागली असती.

"पिंट्याला त्याची आई मत देत न्हाई," तात्या म्हणाले. "हे बारा हजार कोण?"

"सायलेंट सपोर्टर्स," सर म्हणाले.

पिंट्या बिचारा लाजून लाल झाला होता.

सायलेंट सपोर्टर कोण, ते मला दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कळलं. माझ्या बाकावर मिस्बाह बागवान बसायची. ती कमानीकडची. शाळेत आम्ही जिवलग, मॅचच्या आठवड्यात मात्र डबा वेगवेगळा. त्या दिवशी ती आपणहून जवळ आली आणि तिला हसू आवरेना.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. पिंट्या कसा हाय तुमचा? तब्येत बरी हाय न्हवं?"

मी तिची वेणी धरली. "सांग."

"सोड गं! सांगतो, सांगतो. आमच्या मामाचं सायकलचं दुकान हाय न्हवं, तिथं पाटी लावलीय. 'चहा फुकट, मत पिंट्याला.' म्हाताऱ्यांचेसुद्धा फोन घेऊन मामा स्वतः दाबतो. परवा तर वरातीतनं नवरदेवाला उतरवून आणलावता." ती पोट धरून हसत होती. "तुमचा अध्यक्ष लई हुशार हाय हं अवू. आम्हाला तुमची टीम निवडायला दिली!"

मी शाळा सुटल्या सुटल्या सरांकडं धावले. ते तालमीच्या माडीवर त्यांच्या ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे पूर्वी जिथं तात्या वाती आणि तेल ठेवायचे ती खोली.

"सर, ही सगळी कमानवाल्यांची मतं आहेत. त्यांनी मुद्दाम पिंट्याला वर काढलाय."

"कशावरून?"

"मिस्बाहनं सांगितलं."

"मिस्बाह म्हणजे डेटा नाही," सर हसले. "आकडा बघ. सोळा हजारांवर चाललाय. हे बघून इन्व्हेस्टर तयार झालेत. दहा शहरांत दहा क्लब, प्रत्येकाला आपलं ॲप."

"पण दादा बाहेर बसणार! बँकेचे साहेब..."

"अवंती, तू इमोशनल होतेस. लोकांनी दिलेला कौल अध्यक्ष बदलू शकतो का? उद्या लोकांनी मला सांगितलं की नलवडे, तुम्ही खुर्ची सोडा, तर मी सोडीन."

मी जिना उतरले. सातवी पायरी गाठेपर्यंत माझ्या डोक्यात एक विचार येऊन बसला होता. तो मला इतका भारी वाटला की उरलेल्या पायऱ्या मी उड्या मारत उतरले.

शुक्रवारी सकाळी मिस्बाहला म्हणाले, "पिंट्यात काय मजा हाय? तिसरं नाव बघितलंस का?"

तिनं ॲप उघडलं. वाचलं. तोंडावर हात ठेवला.

"आईशप्पथ! हे आमच्या डोक्यात कसं आलं न्हाई?"

"मामाला सांग. माझं नाव नको घेऊ."

माझं गणित साधं होतं. हा माणूस जिना चढून आला तरी धापा टाकतो. बाजी चौगुल्याच्या समोर उभं राहायचं आहे म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसणार, मग तो काहीतरी तांत्रिक बिघाड शोधून काढणार, मतदान रद्द करणार आणि फळा परत लागणार. बाजी म्हणजे कमानीचा स्टॉपर, समोरच्या सेंटर फॉरवर्डला अडवणारा. मागच्या वर्षी त्याच्या बुटाचे खिळे दादाच्या नडगीवर उमटले होते, ते अजून मोजता यायचे.

शुक्रवारी संध्याकाळी नलवडे नऊ हजार. शनिवारी दुपारी मतदान बंद झालं तेव्हा नलवडे सतरा हजार, पिंट्या तीनशे, दादा अकराशे चाळीस.

सर तालमीत आले. मी मोबाइल धरून तयारच होते, त्यांचा पांढरा पडलेला चेहरा टिपायला. सर स्क्रीनपुढं थांबले. डोळे पाण्यानं भरले. चष्मा काढून त्यांनी ते पुसले.

"मी गाव सोडून गेलो होतो," ते म्हणाले. "गावानं मला सोडलं नव्हतं."

आणि ते गुलाबी बूट आणायला गेले.

रविवारी चार वाजता स्टेडियम खच्चून भरलं होतं. आमच्या बाजूला निळं, त्यांच्या बाजूला भगवं-काळं, मध्ये पोलीस. दादा बेंचच्या टोकाला हाताची घडी घालून बसलेला. वर गॅलरीत बँकेचे साहेब होते, टक्कल असलेले, मांडीवर वही. ते तात्यांना आधीच म्हणाले होते, "मी तासभर बघतो. तेवढ्यात कळतं." साडेपाचला त्यांची सांगलीची गाडी होती.

सर मैदानात उतरले आणि कमानीच्या बाजूनं आवाज उठला, "नल-व-डे! नल-व-डे!" आमच्या बाजूला इतकी शांतता होती की शेंगदाणेवाल्याची हाक ऐकू येत होती. सरांनी कमानवाल्यांकडं बघून हात हलवला.

मी आजवर खूप मॅच बघितल्यात. पण त्या पहिल्या हाफमध्ये कमानवाल्यांनी जे केलं, ते तुम्ही कुठं बघितलं नसेल. त्यांनी सरांना जपलं. सरांच्या पायात बॉल आला की बाजी दोन हात लांब उभा राहायचा, नवरदेवाशेजारी करवला उभा असतो तसा. सर एकदा स्वतःच्याच पायात पाय अडकून पडले, तर बाजीनं त्यांना उचललं, पाठीवरची माती झटकली आणि म्हणाला, "सावकाश साहेब, इथं खड्डा हाय." सरांनी मारलेला बॉल थ्रो-इनला जायचा आणि कमानवाले टाळ्या वाजवायचे. सात वेळा ऑफसाइडचा झेंडा वर गेला. सातव्यांदा सर लाइन्समनला म्हणाले, "तुम्हाला काही पर्सनल प्रॉब्लेम आहे का?"

आमची टीम दहा जणांनी खेळत होती. विसाव्या मिनिटाला एक गोल बसला, तिसाव्याला दुसरा.

मी व्हिडिओच्या निमित्तानं बेंचपाशी गेले. तात्यांनी बदलीची पाटी दुसऱ्यांदा वर धरली होती. नऊ नंबर बाहेर. सरांनी लांबूनच अंगठा दाखवला, सगळं ठीक आहे म्हणून. खेळाडू स्वतः बाहेर येत नसेल तर रेफरी तरी काय करणार?

"पिंट्या असता तर दहाव्या मिनिटाला काढला असता," तात्या पाटी आपटून म्हणाले. "तसंच ठरलेलं."

"कुणाचं?"

"माझं नि हर्षदचं. सोमवारी पिंट्याचं नाव वर गेलं तवाच. दहा मिनिटं पिंट्या, मग हर्षद आत, ऐंशीतली सत्तर मिनिटं त्याची. कोच म्हणून तेवढं हातात हाय माझ्या." त्यांनी मैदानाकडं हात केला. "आता ह्या बाबाला कोण काढणार? आणि ह्याला मतं द्यायची अवदसा कुणाला आठवली, देव जाणे."

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

तात्यांनी माझ्या गळ्यातल्या बिल्ल्याकडं बघितलं. "तू चेअरमनची माणूस न्हवं का?"

दादानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो गॅलरीकडं बघत होता. साहेबांनी वही मिटून पेन खिशाला लावलं होतं.

हाफटाइमला सरांनी मला खूण केली. गॅलरीच्या जिन्यामागं, जिथं कुणी नव्हतं, तिथं ते उभे राहिले. केसांवर पाणी मारलं, घाम आहे असं दिसावं म्हणून. खरा घाम भरपूर होता, पण तो त्यांना हव्या त्या जागी नव्हता.

"कर रेकॉर्ड. मित्रांनो, स्कोअर महत्त्वाचा नाही..."

"सर, बाहेर या."

"का? फ्रेम चुकली?"

"मैदानातनं बाहेर या. दादाला आत पाठवा. बँकेचे साहेब उठायच्या बेतात आहेत."

"अवंती, सतरा हजार लोकांनी मला..."

"ती कमानीची मतं आहेत. आणि तुमचं नाव त्यांना मी सुचवलं."

सरांनी बाटली खाली ठेवली. "तू?"

"मला वाटलं तुम्ही घाबरून मतदान रद्द कराल. तुम्ही घाबरलाच नाही."

ते हसले. "चौदा वर्षांची मुलगी तू. सतरा हजार लोक तुझं ऐकतात?"

"माझं नाही. मिस्बाहच्या मामाचं."

"हे बघ. ते लोक मला घाबरून आहेत. तो बाजी बघितलास ना? एक मिनिट माझी पाठ सोडत नाही. उगाच का?"

"मग त्याला म्हणून बघा, मला पाड."

शिट्टी झाली. सर केस सारखे करत मैदानात पळाले. साहेब गॅलरीत उभे राहून बॅग खांद्याला लावत होते. मी रेषेच्या कडेला गेले. देवाला काय मागायचं तेही सुचत नव्हतं, कारण गोंधळ देवानं घातलेला नव्हता.

तिसऱ्या की चौथ्या मिनिटाला बॉल रेषेपाशी सरांकडं आला, माझ्यापासून दहा फुटांवर. सरांनी त्याच्यावर पाय ठेवला. बाजी दोन हात लांब उभा राहिला.

"बाजी," सर म्हणाले, "टॅकल कर."

"नको साहेब."

"का नको?"

"राहू द्या की. छान चाललंय तुमचं."

"मी सांगतोय. पाड मला."

बाजीनं इकडंतिकडं बघितलं. माणूस अडचणीत आला होता. "साहेब, तुम्हाला लागलं तर तुम्ही भाईर जाणार. मग हर्षद आत येणार. आमच्या वस्तादांनी सक्त ताकीद दिलीय. तुमच्या केसाला धक्का लागला तर मला तालमीची पायरी चढू देणार न्हाईत." आणि मग अगदी मायेनं, "पाणी पाहिजे का?"

कमानीची अख्खी बाजू उभी राहून ओरडत होती, "नल-व-डे! नल-व-डे!" सर पहिल्यांदाच तिकडं नीट बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे. कुणी त्यांच्या पायातला बॉलही काढून घेतला नाही.

मग त्यांनी एकदम उजवी मांडी धरली आणि डाव्या पायानं लंगडत बेंचकडं निघाले.

दादा उठला. त्यानं जॅकेट काढून बेंचवर फेकलं. सरांनी वाटेत माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं. फक्त एकदा. मला कळलं त्यांना काय हवंय ते. मी फोन वर केला आणि बटण दाबलं.

सरांनी दादाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "जा हर्षद," ते जरा मोठ्यानं म्हणाले. "आज मी माझी जागा तुला देतोय."

"सर," दादा म्हणाला. एवढंच बोलून तो आत पळाला.

पहिल्याच मिनिटाला बाजीनं त्याला आडवा केला. सगळा स्नेह संपला होता. दादा उठला तो हसतच. त्या पस्तीस मिनिटांचं मी वर्णन करणार नाही, मला जमायचं नाही. एक गोल झाला, एक बारला लागून गेला. आम्ही दोन-एकनं हरलो. पण गॅलरीच्या जिन्यावर ते टकलू साहेब खांद्याला बॅग लावून शेवटच्या शिट्टीपर्यंत उभे होते, आणि सांगलीची गाडी गेली होती.

खाली आल्यावर त्यांनी तात्यांना विचारलं, "हा पोरगा एवढा वेळ बाहेर का बसवला होता?"

"लोकशाही, साहेब," तात्या म्हणाले.

मे महिन्यात दादाला मुंबईला चाचणीला बोलावलं, जुलैत नेमणूक झाली. आमच्या गल्लीत फ्लेक्स लागला. त्यावर दादा खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढा, आणि वर नलवडेसर, मोठे, हात दादाच्या खांद्यावर. 'स्वतःची जागा तरुणाला देणारा अध्यक्ष.' तो व्हिडिओ चार लाख लोकांनी बघितला. इन्व्हेस्टर आले ते ॲपसाठी नाही, या व्हिडिओसाठी. आता सर कॉलेजांमधून 'नेतृत्व म्हणजे त्याग' या विषयावर बोलतात. आमच्या शाळेतही येऊन गेले. मी त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले.

आता मी बारावीत आहे. गेल्या दिवाळीत दादा आला, सरांसाठी पेढे आणि एक भारीतला शर्ट घेऊन. "चल," म्हणाला, "तू पण चल. त्यांच्यामुळं आपलं घर उभं राहिलं." तो असं म्हणाला की मी कुठंही बघते, त्याच्याकडं सोडून.

सरांच्या दिवाणखान्यात पुण्याचे पाचसहा पाहुणे बसले होते. सरांनी दादाला शेजारी बसवलं आणि गोष्ट सुरू केली. मांडी कशी दुखावलेली नव्हतीच, ती फक्त सबब होती. मुलाचं करिअर डोळ्यांपुढं होतं. कुणालाही न सांगता त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पाहुण्यांतल्या एका बाई डोळे पुसत होत्या.

"अवंतीला विचारा. कॅमेरा तिच्याच हातात होता," सर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "काय गं, मीच दिली ना जागा? का तुला अजून काही सांगायचंय हर्षदला? सांग की. आज सगळे आपलेच आहेत."

ते हसत होते. दादाही हसत होता, काळी पूड नसलेल्या पापण्यांनी. त्या पहिल्या हाफमध्ये तो बेंचवर का बसला, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "तुम्हीच दिली. पेढा घ्या."

दादा वाकून त्यांच्या पाया पडला. मग कोपरानं मला ढोसलं. "तू पण पड की."

मी वाकले. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोठी हो."

"झाले की, सर," मी म्हणाले.